निशाणाची निगा

पुण्याहून सिंहगडाकडे निघालें म्हणजे शहराच्या नैर्ऋत्येस, मुख्य रस्ता थोडा सोडून, धायरी हें गांव लागतें. धारेश्वर महादेवाच्या देवळामुळें पंचक्रोशीस तें पूर्वीपासून ठाऊक होतें. ऑक्टोबर २०१७ मध्यें तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून तेथें शेतांच्या जागीं उंच इमारती उठूं लागल्या होत्या. १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या तीन दिवसांत, स्वातंत्र्यास पंचाहत्तर वर्षें पुरीं झालीं त्या निमित्तानें, ‘हर घर तिरंगा’ ही मोहीम देशभर झाली. तेव्हां धायरीसारख्या उपनगरांतून मजल्यामागून मजला तिरंग्यांनीं भरून गेला. ध्वज कोठें गजाला सुतळीनें बांधलेला, कोठें झाडूच्या दांड्यावर चढविलेला, तर कोठें धुणें वाळत घालण्याच्या दोरीला चिमट्यांनीं अडकविलेला. हौस खरी होती. तिला नांवें ठेवण्याचें कांहींच कारण नाहीं. पण सोळा तारखेच्या सकाळीं घरोघर एक प्रश्न उभा राहिला, कीं आतां याचें करावयाचें काय? श्रावणाच्या सरींनीं कापड भिजून काठीला चिकटलें होतें. कोणी तें त्याच दिवशीं उतरवून घेतलें. कोणी तसेंच राहूं दिलें, आणि दिवाळीपर्यंत त्याचा वरचा रंग विटून गेला व मोकळ्या कडेचे धागे सुटले.

हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. ज्या वस्तूची राखण करण्यासाठीं एके काळीं सरदार नेमावे लागत, आणि नंतरच्या काळांत जी केवळ हातीं धरल्याबद्दल माणसें तुरुंगांत गेलीं, ती वस्तु त्या वर्षीं टपाल कचेरींत पंचवीस रुपयांस मिळत होती. मोल उतरलें म्हणून मान उतरला असें नव्हे. मात्र राखण करणारा कोण, हें बदललें.

वस्तुतः निशाण उभारणें आणि उतरविणें हा संस्कार मराठी घराला नवा नाहीं. चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी सकाळीं उभारतात ती सूर्य मावळण्याच्या आंत उतरवितात. वेळूची काठी आधीं स्वच्छ धुतलेली असते. तिच्या टोंकाला बांधलेला खण किंवा रेशमी वस्त्र चांगल्यांतलें असतें. उतरवितांना हळदकुंकू वाहतात, आणि वस्त्र झटकून, घडी घालून परत कपाटांत जातें. धायरीच्या सदनिकेंत राहणारी गृहिणी हें सर्व कोणत्याहि नियमपुस्तकांत न वाचतां करीत असते. वारकरी मुक्कामाला पोंचला कीं खांद्यावरची पताका आडवी टाकीत नाहीं, भिंतीशीं किंवा झाडाशीं उभी करून ठेवतो. देवळाच्या शिखरावरचा ध्वज जीर्ण झाला कीं नवा चढवितात. मग ज्या हातांना हें सगळें अंगवळणीं आहे, ते हात राष्ट्रध्वजापाशीं येऊन अडखळले कां? याचें उत्तर शोधावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

मराठ्यांच्या राज्यांत भगवा झेंडा आणि जरीपटका हीं दोन निशाणें विशेष प्रसिद्ध होतीं. जरीपटका म्हणजे नांवाप्रमाणेंच जरीच्या वस्त्राचें निशाण. तें कोणीहि उचलावें असें नव्हतें. मोहिमेवर निघणाऱ्या सरदाराकडे तें मानानें सोंपविलें जाई, आणि ज्याच्याकडे तें असे त्याच्यावर साऱ्या फौजेची नजर असे. धुळीनें आणि धुरानें भरलेल्या मैदानांत हुकूम ऐकूं येत नसत. निशाण उभें दिसलें कीं आपली माणसें अद्याप उभीं आहेत, एवढें शिपायाला कळे. निशाण दिसेनासें झालें कीं पळापळ होई. म्हणून निशाणाची निगा ही त्या काळीं शिष्टाचाराची बाब नव्हती, जयापजयाची होती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, त्या दिवशीं जरीपटका दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी मोरो दीक्षित यांच्याकडे होता. फौज शहराबाहेर पडत असतांनाच जरीपटक्याची काठी मोडली, ही गोष्ट इंग्रज इतिहासकारांनीं नोंदून ठेविली आहे, आणि अपशकुन झाला म्हणून शिपायांचीं मनें खचलीं असेंहि ते म्हणतात. शकुनापशकुनाचा भाग सोडून दिला तरी एवढें खरें, कीं बाहेर पडण्यापूर्वीं ती काठी नीट पारखून घेतलेली नव्हती. मोरो दीक्षित त्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें पडले. पेशव्यांच्या नोकरींतील मेजर फोर्ड याच्याशीं त्यांचा स्नेह होता, आणि गोळा आला तो फोर्डच्याच पलटणीकडून, असें सांगतात. जरीपटका धरणाऱ्याला लढाईंत आड उभें राहण्याची सोय नसते. शत्रूला सर्वांत आधीं दिसतो तो तोच.

पुढें बाराच दिवसांनीं, १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं, शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. तें चढविणारा हात बाळाजीपंत नातू यांचा, म्हणजे पुण्यांतल्याच एका माणसाचा होता. त्या धामधुमीच्या वर्षांत इंग्रजांशीं संधान बांधणारे आणखीहि पुष्कळ होते. त्यांचीं नांवें आज कोणास सांगतां यावयाचीं नाहींत. परंतु निशाण कोणीं चढविलें हें मात्र पुणें विसरलें नाहीं. दोनशें वर्षें होऊन गेलीं तरी नातूंचें नांव निघालें कीं ती दोरीच आठवते. २ मार्च १८१८ रोजीं सिंहगडहि इंग्रजांच्या हातीं गेला.

त्याच सिंहगडाची एक जुनी गोष्ट येथें सांगून ठेवावयास हवी. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे यांनीं प्राण देऊन हा गड घेतला, तेव्हां गड सर झाल्याची खूण राजगडावर कळविली गेली ती निशाणानें नव्हे. पागेच्या गवती खोपटांना आग लावून त्या उजेडानें. रात्रीच्या अंधारांत निशाण दिसत नाहीं, आणि न दिसणारें निशाण कांहींच सांगूं शकत नाहीं.

१८१८ नंतर स्वतःचें निशाण उघडपणें उभारण्याची सोय येथें उरली नाहीं. जें उभारलें गेलें तें परक्या भूमीवर. २२ ऑगस्ट १९०७ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली असतां मादाम भिकाजी रुस्तुम कामा यांनीं हिंदुस्थानचा म्हणून एक ध्वज तेथें उलगडून दाखविला. हिरवा, केशरी आणि तांबडा असे त्याचे तीन पट्टे. वरच्या पट्ट्यांत आठ कमळें, मधल्या पट्ट्यावर देवनागरी लिपींत ‘वन्दे मातरम्’ हीं अक्षरें, आणि खालीं सूर्य व चंद्रकोर. ज्या देशाला राज्य नाहीं त्याला ध्वज कसला, असा त्या काळचा व्यवहार. मुंबईच्या एका पारशी घराण्यांतील ह्या बाईंनीं तो व्यवहार भरसभेंत मोडला. पुढें इंदुलाल याज्ञिक यांनीं तो ध्वज लपवून हिंदुस्थानांत आणला. आज तो पुण्यांत, केसरीवाड्यांतील केसरी-मराठा ग्रंथालयांत जतन करून ठेवलेला आहे.

धायरीहून नारायण पेठ फार दूर नाहीं. ज्याला ध्वजाची निगा म्हणजे काय हें समजून घ्यावयाचें आहे त्यानें हें जुनें कापड एकदां जाऊन पाहावें. जुन्या वस्त्राला शत्रु तीन: प्रकाश, दमट हवा आणि घडी. उन्हानें तर रंग जातोच, पण दिव्याच्या उजेडानेंहि तो हळूहळू जातो, आणि एकदां गेलेला रंग कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. म्हणून संग्रहालयांतून अशा वस्त्रांवर पन्नास लक्सपेक्षां अधिक प्रकाश पडूं देत नाहींत. साध्या बैठकीच्या खोलींतहि दिवसा याहून कितीतरी अधिक उजेड असतो. दमट हवेनें बुरशी येते. आणि वर्षानुवर्षें एकाच रेषेवर घडी राहिली तर त्या रेषेवरचे तंतु तुटतात. पैठणीच्या घड्या अधूनमधून मोडून ठेवणाऱ्या घरांना हें निराळें सांगावयास नको. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहांटे मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर चढविलेला बारा फूट लांब व आठ फूट रुंद असा रेशमी तिरंगा तेथील संग्रहालयानें जतन केला आहे, आणि २०१३ पासून तो हवाबंद पेटींत लोकांना पाहावयास ठेवला आहे. एवढी खटपट करावी लागते ती कापड फार नाजुक असतें म्हणून. तें वाऱ्यावर फडकत असतां इतकें बलवान् दिसतें, कीं ही गोष्ट ध्यानांत येत नाहीं.

परंतु ध्वज कसा धरावा, कसा चढवावा, त्यासमोर कसें उभें राहावें, हें शिक्षण महाराष्ट्राला मिळालें तें संग्रहालयांत नव्हे, तर रस्त्यावर व तुरुंगांत. १९२३ सालीं नागपुरांत झेंडा सत्याग्रह झाला. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाईन्समधून जावयाचें नाहीं असा सरकारचा हुकूम, आणि जावयाचेंच असा लोकांचा निश्चय. १ मे पासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघत व रोज पकडल्या जात. जमनालाल बजाज यांनीं त्याचें नेतृत्व केलें. त्यांना अठरा महिन्यांची कैद व तीन हजार रुपये दंड झाला. दंड वसूल करण्यासाठीं सरकारनें त्यांची मोटार जप्त केली, तर लिलांवांत बोली बोलावयास नागपुरांत कोणी पुढें येईना, आणि शेवटीं ती मोटार विकावयास काठेवाडांत न्यावी लागली! विनोबा भावे यांनाहि याच सत्याग्रहांत कैद झाली. बजाज तुरुंगांत गेल्यावर वल्लभभाई पटेल यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले दीड हजारांवर सत्याग्रही पकडले गेल्यावर १८ ऑगस्ट रोजीं झेंड्याची मिरवणूक त्याच सिव्हिल लाईन्समधून निघाली.

या सत्याग्रहाची एक शाखा पुष्कळांना ठाऊक नसते. नागपूरच्या तुरुंगांत कांहीं सत्याग्रही हाल सोसवेनात म्हणून माफी लिहून देऊन सुटले. हुबळीहून आलेल्या तुकडीनें मात्र तें केलें नाहीं. त्या तुकडीमागें डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर हे होते. नुसता उत्साह पुरेसा नाहीं, त्याला शिस्त हवी, हा त्यांचा आग्रह सर्वांना पटला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत काकिनाडा येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळीं हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली. ध्वजवंदन ही आज शाळाशाळांतून चालणारी गोष्ट. तिची रीत लावून देण्यांत या सेवा दलाचा वांटा मोठा आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारीं सकाळीं गांवोगांव ध्वजवंदन व्हावें असा त्यानें प्रघात पाडला. रांग कशी धरावी, दोरी कोणीं ओढावी, ध्वज चढत असतां हात कोठें असावेत, हें स्वयंसेवकांना परेडीवर शिकविलें जाई. सोलापुरांत तर ही शिकवण फार महाग पडली. तेथील नगरपालिकेनें ६ एप्रिल १९३० रोजीं आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला. मेमध्यें शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हां झेंडा बाळगणें हाच गुन्हा ठरून माणसांना शिक्षा झाल्या. त्या पर्वांतील खटल्यांत मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें.

शिस्त कितीहि असली तरी दोरी आणि कप्पी यांना देशभक्ति कळत नाहीं. डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांत फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. सुमारें ऐंशी फूट उंच काठीवर ध्वज चढवीत असतां तो मध्येंच अडकून बसला. वर जाईना, खालीं येईना, आणि हजारों लोक माना वर करून पाहत आहेत. तेव्हां शिरपूरचा एक तरुण पुढें झाला, त्या काठीवरून सरसर चढून गेला, आणि त्यानें ध्वज मोकळा केला. प्रसंग गौरवाचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. पण खडकीची मोडलेली काठी आणि फैजपूरची अडकलेली दोरी एकाच जातीच्या. आदल्या संध्याकाळीं एकदां रिकामी दोरी वरखालीं ओढून पाहिली असती तर त्या तरुणाचे प्राण टांगणीस लागले नसते. आजहि कोणत्याहि शाळेच्या शिपायाला विचारावें. पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्रीं त्याला झोंप लागत नाहीं ती या एका गांठीपायीं.

२२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें राष्ट्रध्वजाचा ठराव मान्य केला. ठराव मांडतांना नेहरूंनीं सभेपुढें दोन ध्वज ठेवले, एक रेशमी खादीचा व दुसरा सुती खादीचा. वर गडद केशरी, मध्यें पांढरा, खालीं गडद हिरवा असे तीन सारखे पट्टे. पांढऱ्यावर चरख्याच्या जागीं चोवीस आऱ्यांचें निळें चक्र. लांबीरुंदीचें प्रमाण तीनास दोन. येथपर्यंत सर्व ठीक झालें. यापुढें जें झालें तें थोडें विचित्र आहे. ज्या ध्वजासाठीं लोकांनीं तुरुंग भरले तो लोकांच्या हातीं नित्य राहूं नये, असें नियमांनीं ठरविलें. सरकारी इमारतींवर तो रोज फडके. सामान्य नागरिकास तो आपल्या घरावर लावावयाचा तर ठराविक राष्ट्रीय दिवसांचीच मुभा होती. हेतु वाईट नव्हता. ध्वजाची अवहेलना होऊं नये, व्यापाराच्या जाहिरातींत तो वापरला जाऊं नये, हाच त्यांतील उद्देश. १९५० चा बोधचिन्हांविषयींचा कायदा आणि १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा यांच्यामागेंहि तोच विचार आहे. या दुसऱ्या कायद्यान्वयें ध्वजाचा अवमान करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्हीं होऊं शकतात. परंतु जी वस्तु वर्षांतून एकदोनदां दुरूनच पाहावयाची, तिला हात कसा लावावा हें हातांना कळावें कसें? गुढी दरसाल घरीं उभी राहते म्हणून तिची रीत आईकडून मुलीकडे आपोआप जाते. ध्वजाच्या बाबतींत तशी परंपरा पडावयास पन्नासांवर वर्षें जागाच राहिली नाहीं. धायरीच्या गजावरील सुतळी हा त्या खंडाचा परिणाम आहे.

२६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलांत आली, आणि प्रत्येक नागरिकास वर्षांतील कोणत्याहि दिवशीं ध्वज लावण्याची मोकळीक मिळाली. उद्योगपति नवीन जिंदल यांच्या खटल्यांत २३ जानेवारी २००४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें याहि पुढें जाऊन सांगितलें, कीं सन्मानपूर्वक ध्वज फडकविणें हा नागरिकाच्या अभिव्यक्ति-स्वातंत्र्याचाच भाग आहे. तेव्हांपासून राखणीचें काम कायद्यानेंहि घरावर आलें.

हें काम अवघड नाहीं, पण त्याला कांहीं खुणा आहेत. गॅलरींतून किंवा खिडकींतून काठी तिरपी बाहेर काढून ध्वज लावला, तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोंकाकडे यावयास हवा. काठी न घेतां तो भिंतीवर उभा टांगला, तर केशरी पट्टा ध्वजाच्या स्वतःच्या उजव्या हातास, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हातास यावा. येथें चूक फार होते, कारण पाहणारा आपल्या उजवीकडे पाहून निश्चिंत राहतो. ध्वज जमिनीला किंवा पाण्याला टेंकूं नये. त्यावर कांहीं लिहूं नये. त्याच्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीनें दुसरें निशाण असूं नये. मेजावर पसरण्याचा, व्यासपीठ झांकण्याचा तो कपडा नव्हे. फाटलेला किंवा चुरगळलेला ध्वज लावूं नये. चढवितांना झपाट्यानें चढवावा, उतरवितांना सावकाश उतरवावा. आणि शोकप्रसंगीं तो अर्ध्यावर आणावयाचा असला तरी आधीं शेंड्यापर्यंत नेऊन मगच खालीं आणावयाचा असतो. या शेवटच्या नियमांत जी समज आहे ती साऱ्या संहितेंत क्वचितच दुसरीकडे असेल.

आतां कापडाविषयीं. ध्वज हातानें कांतलेल्या व हातानें विणलेल्या खादीचाच असावा असा दंडक दीर्घकाळ होता. त्याच्या मोजमापांसाठीं भारतीय मानकांत अगदीं पहिला क्रमांक राखून ठेवला आहे. सर्वांत मोठा ध्वज ६३०० मिलिमीटर लांब व ४२०० मिलिमीटर रुंद, सर्वांत लहान मेजावरचा १५० बाय १०० मिलिमीटर; मधलीं धरून एकंदर नऊ मापें. मराठवाड्यांत उदगीरच्या केंद्रांत विणलेल्या कापडापासून नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितींत ध्वज तयार होतात, आणि हर्डीकरांच्या हुबळीजवळ बेंगेरी येथेंहि. चक्र दोन्हीं बाजूंनीं तंतोतंत जुळावें लागतें. एका बाजूचा आरा दुसऱ्या बाजूच्या आऱ्यावर बसला नाहीं तर तो ध्वज बाद. अशा कामाला वेळ लागतो, आणि म्हणून किंमतहि पडते. डिसेंबर २०२१ मध्यें नियम बदलून यंत्रावर विणलेलें व पॉलिएस्टरचेंहि कापड चालेल असें ठरलें. तसें झालें नसतें तर पुढच्या ऑगस्टांत कोट्यवधि घरांना ध्वज पुरविणें शक्यच नव्हतें. हें मान्य करावयास पाहिजे. पण नांदेडच्या शिलाईघरांत एका चक्रावर जें मन लागतें, तें कारखान्यांत ठाणांवर छापून कातरलेल्या तिरंग्याला कोठून लागणार? अशा कित्येक ध्वजांचें चक्र मध्यावरहि नसतें. विकत घेणाऱ्यानें एवढें तरी उलगडून पाहावें.

२०२२ च्या जुलैंत आणखी एक बदल झाला. पूर्वी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच ध्वज फडकावा अशी मर्यादा होती. आतां उघड्यावर किंवा घरावर तो रात्रंदिवस ठेवण्यास मुभा आहे. मुभा आणि आज्ञा यांत अंतर आहे, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत आलें नाहीं. जेथें उंच स्तंभ आहे, दिवे आहेत, देखरेखीस माणूस आहे, तेथें ध्वज रात्रीं राहिला तर शोभतो. सिंहगडावरील शिपायांनीं रात्रीं निशाण न दाखवितां आग पेटविली, ती त्यांना निशाणाचा अभिमान नव्हता म्हणून नव्हे. धायरीच्या आठव्या मजल्यावरील अंधाऱ्या गॅलरींत, पावसांत, ज्याच्याकडे रात्रभर कोणी पाहणार नाहीं असा ध्वज ठेवण्यापेक्षां गुढीप्रमाणें दिवेलागणीच्या आंत तो घरांत घेतलेला बरा. आणि ओला असला तर तसाच गुंडाळून ठेवूं नये. सावलींत, आडव्या स्वच्छ चादरीवर पसरून वाळवावा. उन्हांत नको.

घडी घालण्याची रीत सोपी आहे, पण तिला दोन माणसें लागतात. दोघांनीं समोरासमोर उभें राहून ध्वज आडवा ताणून धरावा. केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खालीं दुमडावा, म्हणजे वर पांढरी पट्टी राहते आणि तिच्या दोन्हीं कडांना केशरी व हिरव्या रंगाची बारीक किनार दिसते. मग दोन्हीं बाजू चक्राच्या दिशेनें आंत घ्याव्या, म्हणजे शेवटीं वर फक्त चक्र उरतें. ती घडी दोन्हीं तळहातांवर घेऊन कपाटांत न्यावी. लहान मुलांना हें काम फार आवडतें. एकदां दाखविलें कीं पुढच्या वेळीं तींच ध्वजाचें दुसरें टोंक धरावयास येतात.

राहतां राहिला जीर्ण ध्वज. १५ ऑगस्टनंतर रस्त्यावर पडलेले लहानमोठे तिरंगे वेंचून गोळा करणारे तरुण पुण्यांत दरसाल दिसतात. त्यांच्या पिशव्यांत कागदाचे ध्वज असतात तसे कापडाचेहि असतात. संहिता सांगते, कीं लावण्यास अयोग्य झालेला ध्वज तुकडे न करतां संपूर्णच, एकांतांत, शक्यतों जाळून, अथवा त्याच्या प्रतिष्ठेला साजेल अशा दुसऱ्या मार्गानें नष्ट करावा. गांवांत अंगण होतें, चूल होती; तेथें हें कोणाच्या नजरेस न पडतां होऊन जाई. सदनिकेंत दोन्हीं नाहींत. अशा ठिकाणीं एका इमारतींतील लोकांनीं वर्षभराचे जुने ध्वज एका पेटींत जमा करून, एखाद्या सकाळीं चार माणसांनीं मिळून आवारांत तें काम करावें, हें सोयीचें. खादीचा ध्वज जळून त्याची मूठभर हलकी राख होते व ती कुंडींतल्या मातींत मिसळून जाते. पॉलिएस्टरचा ध्वज वितळतो, काळा धूर सोडतो आणि मागें एक कठीण गोळा उरतो. त्या गोळ्याचें काय करावें, तें संहितेंत लिहिलेलें नाहीं.